सात नंबरचं अळणी जेवण

थोरल्या जावेवर ठपका आला आणि धाकटीचा जीव वरखाली झाला. थोरली हॉस्पिटलात नर्स. धाकटी तिथल्याच कॉम्प्युटर विभागात, चाळिशी उलटल्यावर प्रोग्रामिंग शिकून नुकतीच लागलेली. थोरलीने कॉम्प्युटरवर सात नंबरच्या पेशंटपुरतं अळणी जेवण मागवलं, आणि आलं अख्ख्या वॉर्डाला अळणी! महिन्यात तिसऱ्यांदा.

"बाईंनी सगळ्यांवर टिक केली असणार," विभागप्रमुख म्हणाले. माघारी त्यांना सगळे सर्वज्ञ म्हणत. "प्रोग्राम मी लिहिलाय. चार वर्षं बिनबोभाट चाललाय."

जिन्यात थोरलीचे डोळे भरून आले. "एकावरच केली गं मी. वीस वर्षांत चुकीची गोळी दिली नाही कुणाला, आणि आता जेवणावरून शोभा!"

"ताई, दोन दिवस द्या मला."

दोन दिवस धाकटीने कोडची ओळ न् ओळ पिंजून काढली. तेव्हा कुठे उलगडा झाला. पेशंट दाखल झाला की त्याला 'नेहमीचं जेवण' ही यादी मिळे. पण प्रत्येकाला वेगळी प्रत नव्हे, सगळ्यांची मिळून ती एकच यादी. पूर्वी बदल करताना नवी यादी बनायची. महिन्यापूर्वी सर्वज्ञांनी झटपट बदलाचं बटण जोडलं, आणि ते थेट मूळ यादीतच खाडाखोड करू लागलं. एकाचं मीठ काढलं की सगळ्यांचंच जायचं.

हे तोंडी सांगून कोण ऐकणार? तिने चाचणीच्या मशीनवर त्या यादीचं टपल केलं, म्हणजे एकदा बनली की बदलता न येणारी यादी. मग मेट्रनबाईंना आणि सर्वज्ञांना बोलावलं.

"ताई, सातवर टिक करा. फक्त सातवर."

थोरलीने केली. स्क्रीन लालेलाल! 'हे बदलता येत नाही', आणि खाली यादी बदलू पाहणाऱ्या ओळीचा नंबर.

"बंद पडलं की!" मेट्रनबाई दचकल्या.

"पडू दे. चोर सापडला. आता ही ओळ वाचा, सर."

सर्वज्ञांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "माझीच ओळ," ते हळूच म्हणाले. मग थोरलीकडे वळले. "बाई, चूक माझी होती. तसं लेखी देतो."

धाकटीने दुरुस्ती केली: मूळ यादीला हात नाही, बदल हवा तर त्या पेशंटची नवी यादी. दुपारी जेवणाची गाडी आली. आठ नंबरच्या आजोबांनी पहिला घास घेतला आणि आरोळी ठोकली, "मीठ आहे!"

सगळा वॉर्ड हसला. थोरलीने भर वॉर्डात धाकटीला मिठी मारली.