कातिबाची बहीण

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं.

माझा दोस्त कातिब. म्हणजे उर्दू मासिक छापायच्या आधी त्याचं पान न् पान हातानं लिहायचं, हेच काम. मासिक सुधारणेचं. मुली शिकवा, तोंडी तलाक बंद करा, असलं. मी तिथेच बाइंडिंगला.

त्याच्या बहिणीला दोन्ही मुलीच, त्यामुळे सासरी रोज टोमणे. तिनं मासिकाला लेख दिला, 'बेटी रहमत है'. मुलगी म्हणजे देवाची कृपा. खाली स्वतःचं नाव हवं होतं तिला. दोस्त म्हणाला, "वेडी की काय? घरातल्या बायकांची नावं चव्हाट्यावर मांडू?" आणि 'कातिबाची बहीण' लिहून मोकळा झाला.

अंक निघाला आणि सासरहून फोन आला, "या, घेऊन जा तुमची लेखिका."

आम्ही दोघं गेलो. सगळे बाहेरच्या खोलीत जमलेले. सासऱ्यानं अंक थोरल्या नातीसमोर धरला. "वाच गं, आईनं काय लिहिलंय तुझ्यावर."

पोरीला आईनं याच मासिकावर बोट ठेवून वाचायला शिकवलेलं. तिनं अक्षर लावलं. "बेटी... ज़... ज़हमत है."

ज़हमत म्हणजे कटकट, गळ्यातलं लोढणं. उर्दूत 'र'वर एक टिंब दिलं की 'ज़' होतो.

"शाबास!" सासू टाळ्या पिटत म्हणाली. सगळे खदाखदा हसले.

दोस्तानं अंक ओढून घेतला. "हा नुक्ता माझा नाही. बोरूचा नुक्ता चौकोनी पडतो. हा गोल आहे, बॉलपेनचा."

"असेल ना," बहिणीचा नवरा म्हणाला. पेन त्याच्या खिशालाच होतं. "वाचता काय येतं ते बघा, भाईजान."

बहीण मुलींना घेऊन निघाली. वाटेत थोरलीनं विचारलं, "अम्मी, मी बरोबर वाचलं ना?"

"हो. बरोबर वाचलंस."

संपादकांना म्हटलं, ते टिंब सासरच्यांनी दिलंय असा खुलासा छापा. "घरगुती भांडणं मासिकात कशाला?" म्हणाले. पुढच्या अंकाचा मथळा तोंडी तलाकवर होता. दोस्तानं तो मान खाली घालून लिहिला. बहिणीला तलाक त्याच आठवड्यात फोनवर मिळाला होता.

काल त्याच्या घरी गेलो. म्हटलं, मी हे लिहितोय. तो बोरूचं टोक तासत राहिला.

"लिही. पण तिचं नाव घालू नकोस."

"अरे, तिला तर तेच हवं होतं."

"राहायचंय आम्हाला इथे. शप्पथ घे."

आतल्या खोलीत धाकटीकडून अक्षरं गिरवून घेणारा बहिणीचा आवाज थांबला.

"शप्पथ," मी म्हणालो.