आवाजाचं माप

वाल्मिक बमरोलीच्या लूमखात्यात माग चालवायचा. तिथे मागांवर देखरेख करायला कामगारांतलाच एक नवा मास्तर नेमायचा होता आणि शेठने त्यासाठी शहरातून हर्षदाबेनला बोलावलं होतं. कामगार कसल्या उकाड्यात, किती गोंगाटात, कुणाच्या हुकमाखाली काम करतात ते मोजायचं आणि कुणाला वर चढवावं ते सांगायचं, हा तिचा धंदा. घ्या! उभा जन्म मागावर काढलेल्या माणसाला आता यंत्र लावून मोजणार! पण राग गिळणं भाग होतं. वाल्मिकला ऐकू येईनासं झालं होतं आणि हे बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. बहिऱ्याला मास्तर कोण करील?

डबा देताना बायकोने, सुषमाने, त्याची हनुवटी आपल्याकडे वळवली. "बेनना तोंडवरथीन नजर काढू नका. आणि समजलं नाही तर उगाच हो म्हणू नका."

खात्यात तसे सगळेच ओठ वाचतात. माग चालू असताना कानांचा उपयोगच काय? त्यामुळे बेन आली तेव्हा तिचीच पंचाईत झाली. वाल्मिक मात्र तिच्या ओठांवरचा प्रश्न पुरा होण्याआधीच तिच्या कानाशी ओरडून उत्तर देत होता. धागा तुटला तर माग कोण थांबवतं? मीच. शेठला विचारावं लागतं? छे हो! बेन हसली. त्याचा जीव जरा भांड्यात पडला.

मग तिने आवाज मोजायचं यंत्र मागाजवळ धरलं. आवाज हद्दीबाहेर गेल्याचा लाल दिवा त्यावर लागला.

"या आवाजाचा त्रास होतो?"

कुरकुऱ्या मास्तर कुणाला हवा? वाल्मिकने छाती काढली. "पहिले लई व्हायचा, बेन. आता काहीच नाही. मशिनंच शांत झालीत!"

बेनने यंत्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिने हात वर करून सगळे माग थांबवायला लावले. आता हे कशाला? वाल्मिकने नजर तिच्या ओठांवर रोवली. बेनने रुमाल काढला, तोंडाला लावला. रुमाल थोडा हलला. ती बोलत होती! त्याने तिचे डोळे पाहिले, गळा पाहिला, काही म्हणता काही कळेना. सगळं खातं त्याच्याकडे बघत होतं.

"हो, बेन," तो घाईने म्हणाला.

शेजारच्या मागावरच्या धर्मेंद्रने मान खाली घातली. बेनने रुमाल काढला आणि अगदी सावकाश ओठ हलवले.

"भाऊ, मी तुमचं नाव विचारलं होतं."