७१४६ नंबरच्या खोलीतलं सामान

करार संपायला अकरा दिवस राहिले होते, तेव्हा हर्षला मेहेरच्या सातपाटीच्या घरातला पाटा जहाजाच्या सातव्या मजल्यावर, ७१४६ नंबरच्या खोलीत येऊन पडला. पलंग आणि आरशाच्या टेबलामध्ये हातभर जागा होती, तिथे तो होता, वरवंट्यासकट. डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला. तो टवका लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हर्षलाच्याच हातून उडाला होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. तिनं गालिच्यावर व्हॅक्युम फिरवला, पाट्याच्या कडेनं जरा जपून, आणि मग विचारलं, "बाई, हा पाटा तुमचा?"

"मी आले तेव्हा होताच की," गुप्तेबाई म्हणाल्या. "जड आहे. हलवू नकोस."

गुप्तेबाई पुण्याच्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, लांबच्या सफरीवर निघालेल्या. हर्षला त्यांची खोली दोन महिने रोज साफ करत होती. पाटा तिथे काल नव्हता. पण प्रवाशाला खोटं पाडायचं नाही, हे कामावर रुजू होताना शिकवलेलं होतं.

तिच्याकडे अशा चौदा खोल्या होत्या. नवरा गेल्यावर तिनं हे काम धरलं. नऊ महिन्यांचा करार. आठ वर्षांच्या ऋताला थोरल्या जावेकडे ठेवलं होतं. घर एकच, चूल एकच, त्यामुळे काळजी नव्हती. दुपारच्या सुट्टीत तिनं घरी फोन लावला.

"ताई, आपला पाटा कुठाय?"

"अगं, सकाळपासून सापडत नाही," जाऊ म्हणाली. "तू कुणाला दिलायस का?"

"मी इथून कशी देणार?"

"तेही खरंच," जाऊ म्हणाली. पण तिच्या आवाजात संशय होता, आणि हर्षलाच्या मनातही होता. आपल्या पाठीमागे ही घरातल्या वस्तू विकते की काय, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ७१४६ मध्ये मांडणी आली, तिच्यावरच्या डब्यांसकट. तिसऱ्या दिवशी लोखंडी कपाट. खोली वाढली नाही आणि सामान अडचणीचंही झालं नाही. प्रत्येक वस्तूला तिथे जागा मिळत गेली. गुप्तेबाई आता कपाटाला पाठ लावून पेपर वाचत. कपाटाचं दार उचलून धरल्याशिवाय उघडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या ते बरोबर उचलून उघडत. हर्षला स्वतःच्याच डब्यांवरची धूळ पुसायची आणि कार्डावर वेळ लिहून बाहेर पडायची.

चौथ्या दिवशी तिनं भिंतीवर आलेलं घरचं घड्याळ उतरवलं, टॉवेलात गुंडाळलं आणि खाली आपल्या बॅगेत ठेवलं. आपलंच तर आहे, घरी घेऊन जाऊ, असा तिचा हिशेब. दुसऱ्या सकाळी बॅगेत नुसता टॉवेल होता. घड्याळ ७१४६ च्या भिंतीवर चालू होतं, आणि मिनेझिससाहेबांनी तिला बोलावलं होतं.

मिनेझिस मडगावचे, खोल्यांच्या कामावरचे अधिकारी. माणूस शांत. मराठी माणूस दिसला की मराठीत बोलायचे.

"घड्याळ घेतल्याची तक्रार आहे," ते म्हणाले.

"साहेब, ते माझं घड्याळ आहे. माझ्या घरातलं."

"प्रवाशाच्या खोलीत आहे ते प्रवाशाचं सामान. जाताना तुझी बॅग तपासावी लागेल."

"तुम्ही एकदा खोली बघा तरी."

"शेवटच्या दिवशी बघणारच आहे. चौदाही खोल्या तपासल्याशिवाय तुला उतरता येत नाही." त्यांनी टेबलावरचा कागद तिच्याकडे सरकवला. "नाहीतर करार वाढव. सहा महिने. एकच खोली सांभाळायची, ७१४६. बाकी काही नाही."

कागदावर तिचं नाव आधीच छापलेलं होतं, गावाच्या नावासकट. तिनं तो हातात घेतला नाही. इतकं सोपं काम जहाजावर कुणालाच मिळत नाही, हे ती नऊ महिन्यांत शिकली होती. हे सगळं आपल्याला अडकवून ठेवायला चाललंय, असं तिच्या मनानं घेतलं. घर दाखवायचं आणि माणूस ठेवून घ्यायचा. आपण सही केली नाही, खाली उतरलो, की ज्याचं त्याला परत मिळेल.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली.

"बघ बाई. कागद इथेच आहे."

त्यानंतर भिंती यायला लागल्या. आधी स्वयंपाकघराची, धुरानं काळवंडलेली, मग पडवीची. फोनवर जावेचा आवाज घुमायला लागला.

"असा का येतोय आवाज?" हर्षलानं विचारलं.

"घर रिकामं झालं की घुमतोच," जाऊ म्हणाली. "हर्षला, एक विचारू? तूच नेतेयस ना सगळं? आम्हाला न सांगता?"

"ताई, आईची शपथ."

"बरं," जाऊ म्हणाली. तिला पटलं नव्हतं.

ऋतानं फोन घेतला. "मम्मी, आता एकच भिंत आहे. पण वारा मस्त येतो. रस्त्यावरचे लोक थांबून बघतात."

"काकीचा हात धरून राहा. सोडू नकोस."

"झोपेत पण?"

"झोपेत पण."

शेवटच्या दिवशी सकाळी जहाज मुंबईच्या धक्क्याला लागलं. हर्षलानं गणवेश धुवून परत केला, घरचा पंजाबी ड्रेस घातला आणि दुपारी मिनेझिससाहेबांच्या मागून खोल्या दाखवत निघाली. तेरा खोल्यांत त्यांनी पलंगाखाली बोट फिरवलं, नळ सोडून बघितले, यादीवर खूण केली. ७१४६ च्या दारात मात्र त्यांनी बूट काढले.

"साहेब, बूट का काढलेत?"

"कुणाच्या घरात मी बूट घालून जात नाही," मिनेझिस म्हणाले.

आत तिचं घर होतं. पडवी, माजघर, चूल, देवांचा कोनाडा, सगळं आपापल्या जागी. जहाजाची म्हणून फक्त समुद्राकडची बाल्कनी उरली होती. गुप्तेबाई सकाळीच उतरून गेल्या होत्या. दाराशी निरोपाला भेटल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "पालघर स्टेशनवरून सातपाटीला रिक्षा मिळते ना गं?" हर्षलानं मिळते म्हणून सांगितलं होतं, आणि त्या गेल्यावर तिच्या लक्षात आलं होतं की आपण त्यांना गावाचं नाव कधी सांगितलंच नव्हतं.

मिनेझिससाहेबांनी घरभर नजर फिरवली. मग खाली दाराशी बघितलं. "उंबरठा तेवढा राहिलाय," ते म्हणाले आणि चौदावी खूण केली.

हर्षलानं तिथल्या तिथे फोन लावला.

"मम्मी, आता फक्त उंबरठा आहे," ऋता म्हणाली. "आम्ही त्याच्यावर बसलोय. काकी म्हणते, उठायचं नाही."

"अजिबात उठू नका. मी उतरतेय. तीन-चार तासांत पोचते."

"एक आजी आल्यात. रिक्षातून. त्या म्हणतात, जरा सरका, मला बसू दे."

"सरकू नका. ऋता, ऐकतेयस ना?"

"काकीनं जागा दिली पण," ऋता म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मिनेझिससाहेबांनी खिशातून तो कागद काढला, उलगडला आणि पेन पुढे केलं. "अजून पाच मिनिटं आहेत," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात जबरदस्ती नव्हती. थोडी कीवच होती, आणि त्या किवेचाच तिला जास्त संशय आला.

"नको," ती म्हणाली.

शिडीच्या तोंडाशी तिचं ओळखपत्र घेऊन पहारेकऱ्यानं ते पेटीत टाकलं. बॅग तपासली, बॅगेत तिचेच कपडे होते. ती धक्क्यावर उतरली. नऊ महिन्यांनी पायाखालची जमीन हलत नव्हती, त्यामुळे ती दोनदा अडखळली. फोन लावला. पलीकडे कुणी बोललं नाही, पण उचलला गेला होता. वारा ऐकू येत होता, आणि त्याच्यामागे जहाजाचा भोंगा. तोच भोंगा तिला पाठीमागूनही ऐकू आला.

ती वळली. शिडी वर गेली होती. जहाज आणि धक्क्यामध्ये पाण्याचा पट्टा दिसायला लागला होता, हळूहळू रुंदावत. तिनं जहाजावरच्या पहारेकऱ्याला हाक मारली. त्यानं दोन्ही हात रिकामे असल्याचं दाखवलं. जहाजानं बंदरात वळण घेतलं आणि त्याची दुसरी बाजू समोर आली. हर्षलानं खालून मजले मोजले.

सातव्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत तिची जाऊ या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत दोरी बांधत होती. दोरीला गाठ बसली तशी तिनं टोपलीतून एकेक ओला बोंबील उचलून वर अडकवायला सुरुवात केली. शेजारी ऋता उभी होती. तिचा एक हात काकीच्या पदरात घट्ट होता आणि दुसऱ्या हातानं ती डोळ्यांवर सावली धरून समुद्राकडे बघत होती, आई कुठल्या बाजूनं येईल ते शोधत.