दुसरा पालक

यू-छ्येनच्या शाखेत, म्हणजे प्रोग्रामच्या तिच्या वेगळ्या प्रतीत, बदललेल्या फायली एकोणीस होत्या, नव्या ओळी एक हजार चाळीस, आणि शेवटच्या नोंदीला एकशे बारा दिवस झाले होते. शिंचूच्या आमच्या कचेरीत ती आल्यापासून एकाच कामावर होती: बसथांब्यांवरच्या वेळ दाखवणाऱ्या पाट्यांच्या घड्याळाचा प्रोग्राम. मार्चमध्ये जपानला, साप्पोरोला गेली. आधी रोज संदेश यायचा. आता येत नाही.

प्रत्येक बदल जतन करताना लिहिलेल्या नोंदी मात्र तिच्याच आवाजात होत्या. “तिसरी पाटी दोन सेकंद मागे. जेवून आल्यावर बघते.” त्यापुढची: “जेवले. अजून मागेच. पो-युआनने माझं अंडं खाल्लं.”

पो-युआन म्हणजे मी.

तिचं काम आता सगळ्यांच्या मुख्य शाखेत जोडायचं होतं. आमचा शिरस्ता असा, की सगळ्या नोंदी दाबून एकच करायची आणि शाखा पुसून टाकायची. इतिहास सरळ राहतो. पण तिच्या नोंदी जातात. दुसरा मार्गही आहे: प्रत्येक नोंदीला तिच्या आधीची नोंद हा पालक असतो, आणि जोडणीच्या नोंदीला दोन पालक ठेवता येतात, म्हणजे दोन्ही शाखांच्या नोंदी टिकतात.

“हान दादा, ही न दाबता जोडू?” मी आमच्या प्रमुखाला विचारलं.

“का? कामासाठी की तिच्यासाठी?”

“घड्याळाचा प्रत्येक टप्पा दिसेल ना.”

“घड्याळाचा! बरं, कर बाबा. नाहीतर वर्षभर तोंड पाडून बसशील.”

सकाळपासून मी तिच्या नोंदी वाचत तिच्याच शाखेवर होतो. तिथूनच मुख्य शाखा आत ओढली आणि मुख्य शाखेचं टोक त्या जोडणीवर आणून ठेवलं.

ज्या शाखेवर उभं राहून जोडावं, ती पहिला पालक ठरते. आमचा इतिहास पहिल्या पालकाच्याच वाटेने वाचला जातो. हान दादाने तो उघडला, तर तिची शाखा फुटल्यापासूनचं पाच महिन्यांचं सगळ्यांचं काम गायब. ओळीने फक्त यू-छ्येन.

“अरे गाढवा, आपण सगळे हिच्या घरी पाहुणे झालो की!”

“राहू दे ना दादा. गेलं तर काहीच नाहीये, दुसऱ्या पालकाच्या वाटेने सगळं आहे.”

“मुख्य रस्ता तिच्या दारातून जात नाही रे. परत कर. आपल्या जागी उभा राहा आणि तिला आत घे.”

जोडणी मागे घेतली. मुख्य शाखेवर आलो, तिची शाखा आत घेतली, आणि मोजलं.

पहिल्या पालकाच्या वाटेने नोंदी चारशे बारा. त्यांत यू-छ्येनच्या शून्य. दोन्ही पालकांच्या वाटांनी चारशे पंचाहत्तर. त्यांत तिच्या त्रेसष्ट.