रचलेली, पण न चालवलेली

वॉर्डाशेजारच्या खोलीत वहिनीने नणंदेचा फोन लॅपटॉपला जोडला होता. नणंद त्या वॉर्डातली नर्स, आणि नोंदींचं अ‍ॅप तिला वहिनीनेच करून दिलेलं. आज फक्त घरी गेलेल्या एका पेशंटचं नाव काढायचं होतं. वहिनीने क्वेरी, म्हणजे नोंदींच्या साठ्याला द्यायची आज्ञा, रचली, बटण दाबलं, आणि मग तिला दिसलं की कोणाचं नाव काढायचं ही अटच आपण घातली नाही. अट नाही, म्हणजे सगळीच नावं गेली.

"यादी उघड," ती नणंदेला म्हणाली.

तेवीसच्या तेवीस नावं जागच्या जागी होती. वहिनीने कोड पुन्हा वाचला आणि तिचा जीव भांड्यात पडला. क्वेरी रचली होती, पण ती चालवायची ओळच लिहिली नव्हती. चिठ्ठी लिहावी आणि पेटीत टाकायची राहावी, तसं.

"एक वेंधळेपणा दुसऱ्याला तारून गेला," ती हसली. "मागच्या आठवड्यातला कोड जसाच्या तसा उचलला, त्याचा फायदा."

"तेव्हा काय लिहिलं होतंस?"

"कोणाला कुठलं औषध सोसत नाही, ते साठवायचं."

बोलता बोलताच तिचं हसू विरलं; चालवायची ओळ त्या कोडातही नव्हती. नणंद यादीवर बोट फिरवत होती.

"खिडकीजवळच्या आजोबांना पेनिसिलिन चालत नाही. परवा मी भरलं, 'साठवलं' असंही आलं. इथे रकाना रिकामा आहे."

"कागदावर तर लिहिलंयस ना?"

"कागद बंद कर असं तूच सांगितलंस, वहिनी. आता सगळ्या नर्स यातच बघून औषध देतात," नणंद वॉर्डाच्या दाराकडे धावता धावता म्हणाली.