यमनाप्पाच्या घरची काटकसर

परसू चार वर्षं निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत कारकून होता. खर्च कुठं आणि कसा कापायचा ही विद्या तो तिथंच शिकला. हमालांचा दुपारचा गूळ बंद करा, कंदिलाची वात बारीक ठेवा, असल्या सूचना तो कुणी न विचारता द्यायचा आणि मालक खूश व्हायचा. पुढं मंदी आली, तंबाखूला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि मालकानं सगळ्यात आधी जो खर्च कापला तो परसूचा. गुणी शिष्याचं याहून मोठं कौतुक कुणी करू शकलं नसतं.

तर असा हा अनुभवी माणूस वळकटी घेऊन वडगावला घरी आला. घरात वडील यमनाप्पा, आई राजाबाई आणि जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला एक हातमाग. यमनाप्पा लुगडी विणायचा, राजाबाई सुताच्या कांड्या भरायची. थोरल्या लेकीच्या लग्नात यल्लाप्पा सावकाराकडून दीडशे रुपये काढले होते आणि त्यापोटी माग तारण लिहून दिला होता. यल्लाप्पा सूत द्यायचा, तयार लुगडी न्यायचा आणि मजुरी व्याजात जिरवायचा. गावाच्या टोकाला त्यानं पत्र्याची शेड घातली होती. तिच्यात अकरा माग होते, आणि ते अकराही एके काळी कुणाच्या ना कुणाच्या घरात चालत होते. आता त्यांचे मालक तिथंच रोजानं विणायला जात.

या खेपेला यल्लाप्पानं मोठ्या मनानं एक सवलत दिली होती. लग्नसराईसाठी अक्षय्यतृतीयेच्या आत आठ लुगडी दिली, तर मागाचा कागद परत. उरलेली रक्कम हप्त्यानं. नाही दिली, तर माग शेडमध्ये. परसू आला तेव्हा चार लुगडी झाली होती आणि चारांचा ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, लावायचा होता.

"आप्पा, कर्ज असं फिटत नसतंय," परसू पहिल्याच रात्री जेवताना म्हणाला. "खर्चाला शिस्त पायजे. सगळं माझ्यावर सोडा."

"सोडलं," यमनाप्पा म्हणाला. लेक परत आला याच आनंदात होता बिचारा. त्यानं मागितला असता तर मागाचा धोटासुद्धा काढून दिला असता.

परसूनं वही घातली. आठ दिवस तो चुलीपाशी बसून चिमटी चिमटी मीठ लिहीत होता आणि राजाबाई कपाळाला हात लावत होती. नवव्या दिवशी चोर सापडला. चहाची पूड, गूळ, पान आणि तंबाखू मिळून महिन्याला अडीच रुपये. आणि हे सगळं पीत-खात होतं कोण, तर गल्ली. नागुबाई यायची, भावकू यायचा, मष्णू यायचा. मागाच्या खड्ड्याशेजारी बसायचे, चहा ढोसायचे आणि उठून जायचे.

परसूनं लगेच सुवाच्य अक्षरात कागद लिहून दारावर डकवला : 'कामाशिवाय कोणी बसू नये. चहा मिळणार नाही.' शेजाऱ्यांत वाचता येणारं कुणी नव्हतं. म्हणून मग जो येईल त्याला परसू तो स्वतः वाचून दाखवू लागला. तीन दिवसांत दार शांत झालं. महिनाअखेर वहीत दोन रुपये सात आणे शिल्लक निघाले आणि परसूला रात्री छान झोप लागली.

आता चारांच्या ताण्याची पांजणी करायची होती. पांजणी म्हणजे ताण्याचं सूत पहाटे गल्लीत लांबच्या लांब ताणायचं, त्याला खळ लावायची आणि ऊन चढायच्या आत कुंच्यानं विंचरत वाळवायचं. एका घरच्या माणसांचं ते काम नव्हे. सहा-सात सराईत हात लागतात. त्याला मजुरी नसते. आदल्या संध्याकाळी चार घरी जाऊन पान हातावर ठेवायचं आणि 'उद्या पांजणी हाय' एवढंच म्हणायचं, अशी वडगावची रीत.

"पान कशाला? तोंडानं सांगितलं तर ऐकू येत न्हाय व्हय?" परसू म्हणाला.

यमनाप्पा रिकाम्या हातानं चार घरी जाऊन आला. सगळे व्हय म्हणाले.

पहाटे खळ तयार होती, ताणा अर्धा सोडलेला होता, आणि गल्लीत काळं कुत्रं नव्हतं. भावकूच्या पोटात कळ आली होती. मष्णूची शेळी व्यायला झाली होती. नागुबाईनं तर कारणसुद्धा सांगितलं नाही. ती आपल्या उंबऱ्यावर बसून राख लावून दात घासत बसली.

परसू डगमगला नाही. वखारीत हमाल कमी पडले की तो बाजारातून आणायचा. तसाच तो धावत गेला आणि सहा सहा आण्यांवर चार गडी घेऊन आला. गडी मजबूत होते. पोती उचलायला त्यांच्यासारखे हात नाहीत. त्यांनी ताणा असा ओढला की दोनशे तार एका दमात तुटले. उरलेल्या सुतावर खळ गोळा झाली, ऊन चढलं आणि ताण्याची वाळलेली दोरखंडं झाली. यमनाप्पा एकटा या टोकापासून त्या टोकापर्यंत तार सोडवत पळत होता. शेवटी तो रस्त्यातच खाली बसला. परसूला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

सूत सावकाराचं. त्यानं अकरा रुपये कर्जात वाढवले आणि नवीन सूत द्यायला आठ दिवस लावले. घाई त्याला नव्हतीच.

त्या आठ दिवसांत परसू एका संध्याकाळी नागुबाईकडं गेला. "नागुआक्का, माझं चुकलं," तो खाली बघत म्हणाला. "चहा पुन्हा चालू केलाय. या की."

"चहाला भुकेलेली न्हाय रं मी," नागुबाई म्हणाली. "माझा मालक गेला त्या महिन्यात तुझ्या बानं आमच्या तीन पांजण्या केल्या. मी तुमच्या दारात बसत हुते ते चहासाठी नव्हं. कुणाचा ताणा कवा लागतोय, कुणाला कवा हात लागणार, ते तिथं ठरायचं. आमाला कामाशिवाय बसणारी म्हणालास. ते बी वाचून दाखवलास." मग ती म्हणाली, "येतो आमी. पर तुझ्यासाठी न्हाय."

आले. भावकू, मष्णू, नागुबाई, तिचा दीर, सगळे अंधार असतानाच आले. दोन तासांत पांजणी अशी झाली की एक तार तुटला नाही. राजाबाईनं मोठं पातेलं भरून चहा केला, गूळ सढळ हातानं घातला. कुणी पेल्याला हात लावला नाही.

"नगं वैनी," मष्णू सरळ चेहऱ्यानं म्हणाला. "आमी कामाला आलतो."

राजाबाई पदरात तोंड घालून आत गेली. परसू चुलीपाशी बसून राहिला. त्याला आपली लाज वाटली, आणि ती वहीत कुठल्या रकान्यात मांडायची ते त्याला कळेना.

यमनाप्पा दिवस न् रात्र विणत होता. बोटं सुजली, डोळे लाल झाले. अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी यल्लाप्पा गाडी घेऊन आला तेव्हा सात लुगडी घडी करून ठेवलेली होती आणि आठवं मागावर अर्धं होतं.

"चार दिवस, सावकार," यमनाप्पा म्हणाला.

"चार दिवसांनी लग्नं उरकत्यात, यमनाप्पा," यल्लाप्पा हळहळत म्हणाला. हळहळण्यात त्याचा हात कुणी धरू शकलं नसतं. त्याच्या माणसांनी अर्ध्या लुगड्यासकट माग सोडवला. पाठोपाठ त्यानं परसूच्या हातातली वही मागून घेतली आणि उभ्या उभ्या चाळली. मिठाची चिमटी, वातीचं तेल, बंद केलेला चहा. त्याचा चेहरा उजळला. "तुझ्यासारखा पोरगा शेडात पायजे रं. म्हैन्याला बारा रुपये देतो."

परसूनं बापाकडं बघितलं. यमनाप्पा मागाच्या रिकाम्या खड्ड्याकडं बघत होता.

"जा," तो म्हणाला. "घरात खायला लागतंय."

आप्पाही आता शेडमध्येच रोजानं विणणार, त्यांच्यावर आपलं लक्ष राहील, अशी परसूनं मनाची समजूत घातली आणि गेला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या हुशारीला पुन्हा पालवी फुटली. सातच्या घंटेनंतर जो येईल त्याचे दिवसाला दोन आणे कापावेत, असं त्यानं सुचवलं. यल्लाप्पानं त्याची पाठ थोपटली.

शनिवारी पगार. परसू टेबलाशी, शेजारी खुर्चीत यल्लाप्पा, समोर विणकरांची रांग. पाचवा यमनाप्पा आला. वहीत त्याच्या नावापुढं दोन दिवस उशिराची खूण होती. ती परसूनंच केली होती, तेव्हा नाव न बघता.

"दोन दिवस उशीर," परसू म्हणाला. "का?"

"भावकूच्या घरी पांजणी हुती. मग नागुबाईच्या," यमनाप्पा म्हणाला.

"आप्पा, तुमचा आता माग न्हाय. तुमची पांजणी कुणी करायची न्हाय. कशाला जाता?"

"त्यांचा हाय की."

यल्लाप्पा पान लावत होता. त्याचं लक्ष नाही असं दिसत होतं, म्हणजे पुरतं होतं. परसूची लेखणी हलेना. कागद फाडावा, टेबल उलथं करावं, आप्पांचे पाय धरावेत, असं सगळं त्याला एकदमच वाटलं आणि त्यातलं काहीच झालं नाही. घरात दुसरी कमाई नव्हती.

"लिव की परसू," यमनाप्पा समजुतीच्या आवाजात म्हणाला. लहानपणी पाटीवर गिरवून घेताना तो असाच बोलायचा. "मागं माणसं उभी हायत."

परसूनं चार आणे कापले आणि पुढचं नाव पुकारलं.