काट्यासाठी धरलेली एकादशी

मित्रांनो, बडोद्यातल्या एका पलटणीच्या दवाखान्यात कोपरा धरून बसलेला मी एक जुना वजनकाटा आहे. नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक होई. शेजारी भिंतीवर तक्ता होता: इतकी उंची, इतकं वय, तर वजन इतकंच. सुई त्यापुढे गेली की जवानाची बढती अडायची.

एक्क्याण्णव-ब्याण्णव साल असावं. वरून विचारणा आली, नुसतं वजन पाहावं की अंगातली चरबीही मोजावी? आमच्या डॉक्टर, कॅप्टन निरुपमाबाई, यांचं मत ठरलं होतं: काटा पुरे. मी तर फुगलोच!

हवालदार सुभानराव म्हणजे बडोद्याच्या आखाड्यात घडलेलं लोखंड. नायब सुभेदार होण्याची त्यांची ही वेळ, आणि सुई गेली तक्त्याच्या पुढे. दवाखान्यातले तुकोजीराव म्हणाले, "पहिलवान, एक पाय खाली ठेवा, बढती पक्की." सगळे हसले. बाईंनी महिन्याची मुदत दिली.

मुदत संपली ती नेमकी ज्येष्ठातल्या निर्जळा एकादशीला. सुभानराव आले ते डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. पाणी पुढे केलं तर म्हणाले, आज एकादशी. बाईंच्या घरीही हाच उपास, त्यांनी आग्रह केला नाही.

ते चढले. सुई हद्दीत थांबली. आणि दुसऱ्या क्षणी तो डोंगर माझ्यावरच कोसळला. हरी हरी! त्यांच्या कपाळाचं रक्त माझ्या पत्र्यावर सांडलं. मी आतून गोठलो.

सलाईन चढल्यावर त्यांनी डोळे उघडले. बाईंनी हळूच विचारलं, "सुभानराव, उपास देवासाठी होता की काट्यासाठी?"

"काट्यासाठी, मॅडम. कुस्तीआधी वजन उतरवतात तसं परवापासून पाणी तोडलं, लोकरी जर्सी घालून उन्हात पळालो. एकादशी म्हटलं की कुणी पाणी पाजत नाही."



ते सावरल्यावर बाईंनी कपाटातून चरबी मोजायचा चिमटा बाहेर काढला. सुभानरावांच्या दंडावर, पाठीवर त्यात धरायला काही सापडेना. मग हसत उभ्या असलेल्या तुकोजीरावांना, माझ्याकडून नेहमी पास होणाऱ्या तुकोजीरावांना, त्यांनी बोलावलं. कमरेशी चिमटा गच्च भरला. बाईंनी आपलं मत बदलून लिहून पाठवलं: वजन जास्त भरलं तर आधी चरबी मोजा, मग माणसाला नापास करा.

वरून होकार यायला वेळ लागला, सुभानरावांची बढती त्या वर्षी हुकलीच. पुढच्या वर्षी झाली.

मी दोन्ही वेळा खरंच बोललो होतो, मित्रांनो, तरी एक माणूस जाता जाता वाचला. देवाने दिलेली काया माझ्या सुईसाठी वाळवू नका. मला पुसून स्वच्छ ठेवा, हवं तेव्हा वजन करा. पण कुणी सुकल्या ओठांनी माझ्यावर चढू लागला, तर त्याला आधी पाणी द्या. आकडा मागाहून पाहता येतो.